देव्हारा बंद ठेवला म्हणून कुणाचं घर जात नाही

‘देव न मानणारा हिंदू राहत नाही, आणि जो हिंदू राहिला नाही त्याला हिंदू वारसा कायद्याप्रमाणे घरात हिस्सा मिळत नाही.’ हे वाक्य असलेला एक लांबलचक संदेश सध्या ठाण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतोय. त्यात आणखीही दावे आहेत. देवावर शंका घेणं ही इंग्रजी शिक्षणाची देणगी, ‘सेक्युलर’ हा शब्द घटनेत मागाहून घुसडलेला, धर्माच्या नावानं मत मागणं हा सुप्रीम कोर्टानं मान्य केलेला हक्क, देवळं सरकारनं लुटली. आणि शेवटी, मत कुणाला द्यायचं याची सूचना.

माझ्या मावशीला तो वर्तकनगरच्या तिच्या इमारतीच्या ग्रुपवर आला. काका २०२१ साली कोविडनं गेले. तेव्हापासून तिनं देवापुढे दिवा लावलेला नाही. ती स्वतःला नास्तिक म्हणवत नाही. ‘वर कुणी आहे की नाही, मला आता कळत नाही,’ एवढंच म्हणते. फ्लॅट अजून काकांच्या नावावर आहे. तिनं मला फोन करून विचारलं, ‘अगं, सोसायटीत कागद द्यायच्या आधी मला पूजा पुन्हा सुरू करावी लागेल का?’ बँकेत उभी हयात नोकरी केलेल्या बाईला हा प्रश्न पडावा, इतकी भीती त्या एका वाक्यानं घातली. म्हणून आधी तेच वाक्य घेते.

ते धादांत खोटं आहे. १९५६ चा हिंदू वारसा कायदा कुणाला लागू होतो, हे त्याच्या कलम २ मध्येच लिहिलंय. हिंदूंना होतो, बौद्ध, जैन आणि शीख यांनाही होतो. शिवाय जो मुस्लिम, ख्रिश्चन, पारशी किंवा ज्यू नाही, अशा इथल्या कोणालाही होतो. त्याला हिंदू कायदा लागूच होत नव्हता हे कुणी सिद्ध केलं तर गोष्ट वेगळी. जगाचा कर्ता असा देव जैन मानत नाहीत, बौद्धही मानत नाहीत, आणि तरी हाच कायदा त्यांच्या घरांच्या वाटण्या करतो. मग काकांच्या फोटोकडे बघून ‘देव आहे का’ असं विचारणारी माझी मावशी त्यातून बाहेर कशी पडते? काकांनी मृत्युपत्र केलं नव्हतं, त्यांची आई हयात नाही. म्हणजे मावशी आणि तिची मुलगी, दोघींना सारखा वाटा. कायदा विधवा विचारतो, मुलगी विचारतो, आई विचारतो. सोसायटी मृत्यूचा दाखला, नॉमिनेशन, बाकीच्या वारसांची ना-हरकत बघते. संध्याकाळी दिवा लावता का, हे कुठेच विचारलेलं नाही.

अहो, १८५० साली, कंपनी सरकारच्या राज्यात, धर्म सोडला किंवा जातीबाहेर टाकलं तरी माणसाचा वारसाहक्क बुडणार नाही, असा कायदा झाला होता. तेव्हा मिटलेली गोष्ट आज एका विधवेला घाबरवायला पुन्हा उकरून काढली जाते, याची मला चीड येते.

‘सरकारी कागदावर धर्म लिहावाच लागतो, निधर्मी असं काही नसतं,’ असंही त्याच परिच्छेदात आहे. याचं उत्तर मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१४ मध्ये दिलंय. तिघा अर्जदारांना सरकारी राजपत्रात छापून हवं होतं, की आम्ही आता ख्रिस्ती नाही आणि दुसऱ्या कुठल्याही धर्माचे नाही. सरकारी मुद्रणालयानं नकार दिला. न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांच्या खंडपीठानं राज्यघटनेच्या कलम २५ वर बोट ठेवलं. त्या कलमातला पहिला हक्क सद्सद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्याचा आहे. धर्म पाळण्याचा हक्क त्याच्या नंतर येतो. माझा कुठलाच धर्म नाही असं म्हणण्याचं स्वातंत्र्य त्यातच आलं, आणि कुठल्याही सरकारी कार्यालयाला माणसावर धर्म जाहीर करण्याची सक्ती करता येणार नाही, असा तो निकाल आहे. मावशीला मी हाच वाचून दाखवला. तिला एवढंही नको आहे. तिला कुठला धर्म सोडायचा नाही, फक्त जबरदस्ती नको आहे. पण ज्या कायद्यात पूर्ण नकाराला जागा आहे, त्यात तिच्या शंकेला जागा असणारच.

शंका इंग्रजांनी आणली म्हणणाऱ्यांनी ऋग्वेदाचं दहावं मंडल उघडावं. १२९ वं सूक्त, नासदीय. सृष्टी कुठून झाली हे वर बसलेल्या अध्यक्षाला ठाऊक असेल, किंवा त्यालाही नसेल, असं म्हणून ते थांबतं. यज्ञाचे कट्टर पुरस्कर्ते असलेल्या मीमांसकांना जगाचा कर्ता ईश्वर मान्य नव्हता. चार्वाकांचं नाव तर सगळ्यांना माहीत आहे. आणि आपले तुकोबा? ‘माझे लेखीं देव मेला । असो त्याला असेल’ हे त्यांनीच म्हटलंय. देवावर इतकं रागावलेल्या माणसाला वारकऱ्यांनी पंथाबाहेर काढलं नाही, त्याची पालखी खांद्यावर घेतली.

संदेशात सावरकरांचा फोटो आहे, म्हणून त्यांच्याबद्दल. हिंदू कोण, याची त्यांची १९२३ ची व्याख्या पितृभू (पूर्वजांची भूमी) आणि पुण्यभू (धर्माची पवित्र भूमी) यांवर उभी आहे, देवावरच्या श्रद्धेची अट तिच्यात नाही. मला ती पुण्यभूची अट पटत नाही, ती इथल्याच कितीतरी लोकांना परकं ठरवते. पण ज्यांनी गाईला उपयुक्त पशू म्हटलं, आपल्या मागे श्राद्ध-पिंडदान नको असं लिहून ठेवलं, त्यांच्या फोटोखाली ‘देव न मानणारा हिंदू राहत नाही’ असं छापणाऱ्यानं सावरकर वाचलेले नाहीत.

आता १९७६. हो, ‘सेक्युलर’ हा शब्द सरनाम्यात ४२ व्या घटनादुरुस्तीनं आला, आणि तो आणीबाणीत आला. विरोधी पक्षाचे नेते तुरुंगात असताना घटनेला हात लावणं वाईटच होतं, हे मान्य. पण तत्त्व आधीपासून होतं. धर्मावरून भेदभाव करायचा नाही म्हणणारं कलम १५ आणि वर आलेलं कलम २५ ही १९५० पासूनची आहेत, आणि १९७३ च्या केशवानंद भारती खटल्यातच सरन्यायाधीश सिक्री यांनी घटनेचं धर्मनिरपेक्ष स्वरूप मूलभूत चौकटीत, म्हणजे संसदेलाही मोडता न येणाऱ्या भागात, मोजलं होतं. पुढे १९९४ ला बोम्मई खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठानं ते पक्कं केलं. तो शब्द काढा म्हणणाऱ्या याचिका सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२४ मध्ये फेटाळल्या. यावर आणखी शब्द खर्च करत नाही.

धर्माच्या नावानं मत मागण्याचा ‘हक्क’ मात्र सोडून देण्यासारखा नाही. हिंदुत्व ही जीवनपद्धती, असं सुप्रीम कोर्टानं डिसेंबर १९९५ मध्ये म्हटलं, हे खरं. पण ते ज्या निकालात म्हटलं त्याचा शेवट संदेशात नाही. विलेपार्ल्याच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीतली डॉ. रमेश प्रभू यांची निवड धर्माच्या आधारे मतं मागितल्यामुळे रद्द झाली होती, आणि सुप्रीम कोर्टानं ती रद्दच ठेवली. धर्माच्या नावानं मत मागायला मनाई करणारा नियम म्हणजे लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१, कलम १२३, पोटकलम ३. जानेवारी २०१७ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठानं, चार विरुद्ध तीन अशा मतांनी, याचा अर्थ आणखी कडक केला. उमेदवाराचा धर्म सोडाच, मतदाराच्या धर्माच्या नावानंही मत मागता येत नाही. हा नियम सगळ्या धर्मांना सारखा आहे. मशिदीतून किंवा चर्चमधून मत कुणाला द्यायचं हे सांगितलं गेलं, तरी माझं म्हणणं हेच राहील.

देवळांच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, नाइलाजानं मान्य करते. सिद्धिविनायकासाठी १९८० चा आणि शिर्डीसाठी २००४ चा स्वतंत्र कायदा आहे, तिथली मंडळं सरकार नेमतं. ते थांबावं असं मलाही वाटतं. पण या तक्रारीवरून राजकारण देवळातून बाहेर काढा असं निघतं. हा संदेश तर ते मावशीच्या देव्हाऱ्यापर्यंत आणून सोडतोय.

संदेश पाठवणाऱ्या गृहस्थांना मी भेटले. ‘लोक जागे व्हावेत एवढाच हेतू होता,’ म्हणाले. मग घराबद्दलचं ते वाक्य खोटं आहे, हे त्यांनी त्याच ग्रुपवर स्वतःच्या नावानं लिहावं. वारसाचे कागद आम्ही पुढच्या आठवड्यात सोसायटीच्या कार्यालयात देतोय. त्या वेळी कमिटीतल्या कुणाला मावशीच्या पूजेबद्दल काही विचारायचं असेल तर लेखी विचारावं, उत्तरही लेखीच मिळेल.