खुनशी म्हणजे खुनी नव्हे हो

फॅमिली ग्रुपवर परत तो फॉरवर्ड आलाय, "मराठी शब्द जपून वापरा" वाला. खुनशी हा शब्द खून वरून आला, खुनशी म्हणजे खून करायची वृत्ती असलेला, म्हणून कुणाला खुनशी म्हणणं म्हणजे थेट ३०२ चा आरोप, त्याऐवजी रागीट म्हणा, आणि खुन्नस तर काय टपोरी पिक्चरवाल्यांनी आणलेला शब्द. चार वाक्यं आणि चारही गंडलेली.

पहिलं म्हणजे खून ला ई लागली की खुनी होतं, मग हा मधला श कुठून टपकला? आळस-आळशी, हौस-हौशी, तसंच खुनस-खुनशी, मराठीत स पुढे ई आली की श होतो, म्हैस-म्हशी हे तर पोरंपण बोलतात. म्हणजे मूळ शब्द खुनस, अर्थ मनात धरून ठेवलेला राग, आकस, डूख. आता खुनस कुठून आला यावर वाद घाला हवा तर, हिंदी शब्दसागर हा शब्दकोश त्याचा संबंध संस्कृत खिन्नमनस् शी लावतो, खून या शब्दाशी नाही. हां, एक मान्य, कानाला खून ऐकू येतो त्यामुळे जिवावर उठलेला असाही अर्थ त्याला चिकटलाय, खुनशी हल्ला वगैरे लिहितातच लोक. पण रोजच्या बोलण्यात ९९ वेळा तो अर्थ नसतो.

टपोरी शब्द म्हणणाऱ्यांसाठी : तुलसीदासांनी रामचरितमानस लिहायला घेतलं १५७४ मध्ये, त्यात चित्रकूटला भरत रामाबद्दल म्हणतो की खेळतानासुद्धा याची कधी "खुनिस" बघितली नाही. आता भरताला टपोरी म्हणायचं का? मुंबईच्या नाक्यावर न ला जोर देऊन खुन्नस झालं आणि "खुन्नस देतो काय बे" आलं एवढंच.

३०२ चं तर सोडाच, १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय न्याय संहितेत खुनाचं कलम १०३ झालंय, फॉरवर्ड तेवढा जुनाच फिरतोय. आणि खुनशी हे स्वभावाचं वर्णन आहे, गुन्ह्याचं नाही, लोक तर उंटालाही खुनशी म्हणतात.

आता रागीट. हे सगळ्यात चुकीचं, कारण हे दोन शब्द जवळजवळ उलटे आहेत. रागीट माणूस भांडी आपटतो, आवाज चढवतो आणि अर्ध्या तासाने चहा मागतो. खुनशी माणूस आवाजच चढवत नाही. आमच्याकडे "तो रागीट आहे पण खुनशी नाही हो" असं स्थळ बघताना कौतुकाने सांगतात, दोन्ही एकच असते तर या वाक्याला अर्थ काय राहिला असता? आमच्या नात्यातल्या एक आजी, आयुष्यात कुणावर ओरडल्या नाहीत, एका लग्नात त्यांना मानाची साडी द्यायची राहिली, तेव्हाही हसून "असू दे गं" म्हणाल्या. १४ वर्षांनी त्याच घरातल्या सुनेची ओटी भरायची वेळ आली तेव्हा आजींनी नारळ दिला, तांदूळ दिले, खण मात्र "बाई, राहिलाच बघ घरी".