अज्ञात प्रकाशक

‘लेख युनिकोडमध्येच पाठवावा’ असे दिवाळी अंकाच्या संपादकांनी कळवले, तेव्हा माझे २० वर्षांचे लेखन, कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या त्या युनिकोडऐवजी, जुन्या फॉन्टमध्ये पडून होते. हे फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवतात, त्यामुळे ज्या संगणकात तो फॉन्ट नाही तेथे माझा ‘श्रावणसरी’ हा हळुवार लेख उघडला की कोणीतरी चिन्हांमधून शिवीगाळ करीत असल्याचा भास होतो. सगळे पुन्हा टंकण्याचा कंटाळा आल्याने मी इंटरनेटवरून एक फुकट रूपांतरक उतरवला.

त्याची पहिलीच सूचना ‘अँटिव्हायरस बंद करा’ अशी होती. कुत्रा बांधा, मग आत येतो, असे म्हणणाऱ्या पाहुण्याचा संशय घ्यावा असे आपल्याकडे कोणी शिकवलेले नाही. मी कुत्रा बांधला. मग विंडोजने विचारले, की अज्ञात प्रकाशकाच्या या प्रोग्रॅमला संगणकात बदल करू द्यायचे का? ज्याचे दोन्ही कवितासंग्रह अज्ञात प्रकाशकांनीच काढले आणि ज्यांचा हिशेबही आजवर अज्ञातच राहिला, त्याला त्या शब्दांची भीती ती काय वाटणार? मी ‘होय’ दाबले.

संगणकाचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरू लागला. रूपांतर जोरात चालले आहे, या समाधानात मी आमटीला फोडणी देऊन आलो. परतल्यावर पाहतो, तर प्रत्येक फाइलच्या नावाला एक अनोळखी शेपूट फुटले होते, एकही उघडत नव्हती, आणि पडद्यावर खंडणीची चिठ्ठी होती : ३०० डॉलर बिटकॉइनमध्ये द्या, तीन दिवसांनंतर दुप्पट. २०१७च्या मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रोग्रॅमने जगभर हाच दर लावला होता, पण तो विंडोजमधल्या फटीतून आपला आपण शिरत होता, मी मात्र दार उघडून पाट मांडला होता.

भाच्याला फोन केला.

“मामा, बॅकअप आहे ना?”

“आहे की, पेन ड्राइव्हवर.”

“कुठे आहे तो?”

“संगणकालाच लावलेला.”

पलीकडे बराच वेळ शांतता पसरली. मग इंटरनेटची वायर काढायला सांगून तो म्हणाला, की पैसे मुळीच द्यायचे नाहीत, कारण दिले तरी फाइलींचे कुलूप उघडणारी किल्ली मिळेलच असे नाही.

तिसऱ्या रात्री राहवेना, म्हणून संगणक चालू केला. माझ्या लेखनाचा भाव खरोखरच ६०० डॉलर झाला होता. ज्या लेखांसाठी एकाही संपादकाने मानधनाचा विषय काढला नव्हता, तेच हे लेख. मी बायकोला झोपेतून उठवून तो आकडा दाखवला.