इस्तंबूल जिंकायला निघालेल्यांसाठी

सुलतान दुसऱ्या मेहमदाने १४५३ साली इस्तंबूल जिंकलं आणि दोन-तीन वर्षांतच तिथे बाजार बांधायला घेतला. तोच हा ग्रँड बझार. छपराखाली साठाहून अधिक गल्ल्या, सुमारे ४००० दुकानं. पण तुम्ही बिचकू नका. तुमची तालीम तुळशीबागेत झाली आहे. मेथीच्या जुडीवर कोथिंबीर फुकट उकळणाऱ्याला गालीचेवाला काय गुंडाळणार!

जाताना नवेकोरे पांढरे बूट घाला आणि टूर कंपनीची टोपी व गळ्यातलं ओळखपत्र काढू नका. तुमचा देश आणि ऐपत दुकानदाराला विचारत बसावी लागत नाही. तो "नमस्ते, शाहरुख खान!" अशी हाक मारेल. लगेच थांबा. सोसायटीत तरी इतक्या प्रेमाने कोण हाक मारतं? गाइडने स्वतःच्या ओळखीच्या दुकानात नेलं तर उत्तमच. ओळख खरी असते, फक्त ती टक्क्यांत मोजतात.

मग चहा येईल, सफरचंदाचा. तिथली माणसं काळा चहा पितात. हे गरम गोड सरबत खास पाहुण्यांसाठी. नाही म्हणू नका. फुकटचा पेला रिकामा केल्यावर काही न घेता उठणं आपल्या माणसाला जड जातं, आणि हे त्याला तुमच्याआधी ठाऊक असतं. तोवर पोरं गालिच्यांच्या गुंडाळ्या भराभर सोडत असतात. हेरेके गावचं रेशीम, दुहेरी गाठ, चौरस सेंटिमीटरला इतक्या गाठी... गालिचा उलटून गंभीरपणे मान डोलवा. काय बघायचं असतं ते माहीत नसलं तरी चालतं. रेशीम अस्सल की चकाकी आणलेला कापूस, अशी शंका काढलीत तर तो धागा जाळून दाखवेल. कुठला धागा, ते तोच ठरवेल.

आता भाव. निम्म्यापासून सुरुवात करा, असा मंत्र तुम्हाला सगळ्यांनी दिलाय. त्यालाही दिलाय, त्यामुळे निम्मे म्हणजे किती, हे त्याने सकाळीच ठरवलंय. बायकोशी खुशाल मराठीत खलबत करा: "दोनशे युरोपर्यंत घेऊन टाकू, पण चेहऱ्यावर दाखवू नकोस." त्याला मराठी येत नाही. चेहरे येतात.

दुपारी चार वाजता तो सांगेल की तुम्ही आजचं पहिलंच गिऱ्हाईक, सिफ्ताह आहे, म्हणजे आपली भवानी, म्हणून तोटा सोसतोय. गहिवरा. तरीही अडलंच तर ब्रह्मास्त्र काढा: पाठ फिरवून चालू लागा. तो हाक मारतोच. क्वचित नाही मारत. अशा वेळी चार दुकानं पुढे जाऊन काचेचे दिवे न्याहाळा आणि छत्री विसरल्यासारखं करत परत या. भाव किंचित चढलेला असेल.

बसमध्ये शेजाऱ्याने तोच गालिचा कितीला घेतला, ते विचारू नका. त्याने विचारलं तर निम्मा आकडा सांगा. तोही तेच करणार आहे.

उरलेल्या युरोंसाठी उताराने खाली एमिनोन्यूचा मसाल्यांचा बाजार आहे. तिथलं 'तुर्की केशर' काश्मिरीच्या मानाने मातीमोल; घासाघीस करून आणखी खाली आणा आणि नातेवाइकांपुरतं घ्या. पुष्कळदा त्या करडईच्या पाकळ्या असतात. सोलापूरकडे या पिकाचे काटे टोचतात म्हणून माणसं बांधावरून अंग चोरून जातात. श्रीखंडाला रंग मात्र झकास येतो. वासाबद्दल कोणी कुरकुर केलीच, तर वेलदोडे जरा सढळ हाताने घाला.