समुद्र खून पचवत नाही

"वादळी किनाऱ्यावरच्या आडगावात खून झाला की तो पचतोच. समुद्र प्रेत गिळतो, पाऊस पुरावा धुऊन नेतो, रस्ता बंद असतो आणि गाव तोंड उघडत नाही." हा मजकूर सध्या जिकडेतिकडे फिरतोय. तो घातक आहे. वादळानंतर वाहून आलेल्या प्रेतावर 'बुडून मृत्यू' असा शिक्का मारून मोकळं व्हायला तो निमित्त देतो.

आधी समुद्राचं पाहू. बुडालेलं प्रेत कुजायला लागलं की आत वायू साठतो आणि ते वर येतं. थंड, खोल पाण्यात याला फार वेळ लागतो, कधी ते वर येतही नाही, हे मान्य. पण वजन बांधून बुडवलेलं प्रेतही बोलतं. जुलै १९९६ मध्ये इंग्लंडच्या डेव्हन किनाऱ्याजवळ मच्छीमारांच्या जाळ्यात एक मृतदेह आला. मनगटावर रोलेक्स घड्याळ होतं. त्याच्या क्रमांकावरून दुरुस्तीच्या नोंदी निघाल्या आणि मृताचं नाव कळलं: रोनाल्ड प्लॅट. ते घड्याळ हाताच्या हालचालीवर चालणारं. हालचाल थांबली की साधारण दोन दिवसांत बंद पडणारं. त्यात तारीख २२ दिसत होती, म्हणजे मृत्यू २० तारखेच्या आसपासचा. कमरेच्या पट्ट्यावर बोटीच्या नांगराच्या जस्ताचा अंश सापडला, म्हणजे वजन म्हणून नांगर अडकवलेला होता. संशयित अल्बर्ट वॉकरच्या बोटीवरच्या जीपीएस यंत्रानं ती २० जुलैला त्याच भागात असल्याचं दाखवलं. १९९८ मध्ये त्याला जन्मठेप झाली.

पावसानं उघड्यावरचं रक्त जातं, खरंच जातं. घरातलं मात्र फरशीच्या फटीत उरतं आणि ल्युमिनॉल हे रसायन फवारलं की अंधारात चमकतं. ब्लीचही तसंच चमकतं, म्हणून पुढची खात्री करावीच लागते. भिजलेल्या काचेवरचे किंवा पत्र्यावरचे बोटांचे ठसेही मोलिब्डेनम डायसल्फाइड या काळ्या पुडीचे बारीक कण मिसळलेलं पाणी फवारून उठवता येतात.

प्रेत पाण्यात सापडलं म्हणजे माणूस बुडूनच मेला, हेही गृहीत धरू नये. मेल्यानंतर टाकलेल्या देहाच्या फुप्फुसातही पाणी शिरू शकतं. एकाच खुणेवर निर्वाळा देणारा डॉक्टर घाई करतोय, असं मी म्हणेन. मानेची आतली तपासणी आणि डोक्यावरच्या जखमा खडकाच्या की माराच्या, हे शवविच्छेदनात नीट पाहायला हवं.

रस्ता बंद? तो खुन्यालाही बंदच असतो. त्या रात्री गावात कोण होतं, याची यादी शहरापेक्षा इथे कितीतरी छोटी होते.

राहिलं गावाचं गप्प बसणं. लोक 'खुनी कोण' याचं उत्तर देत नाहीत, पण 'तुमची बोट कुणी ओढून घेतली, दिवे कधी गेले, दार कुणी वाजवलं' याचं देतात. वादळाची रात्र घराघरात लक्षात राहते. ही उत्तरं एकेकट्याला विचारून, लवकर लिहून घ्यायला हवीत. चार दिवसांत सगळ्यांच्या आठवणी एकमेकांत मिसळतात आणि मग गावभर एकच गोष्ट ऐकू येते.