लाउंजमधला नाश्ता आणि आईंचा अडकित्ता : काश्मीर सहलीच्या एका स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

ताई, नमस्कार.

रविवारी रात्री तुमचा रिव्ह्यू वाचला. उत्तराला चार दिवस लागले, कारण आधी आपल्या टूर मॅनेजरशी आणि त्या ग्रुपमधल्या तिघा-चौघांशी बोलून घेतलं. हे उत्तर फोनवर न देता इथेच देतोय, कारण तुमचं वाचून पुढे बुकिंग करणाऱ्यांनाही ते दिसायला हवं.

तुमचं म्हणणं असं : सहलीच्या पत्रकात पहिल्या दिवसाचा नाश्ता ‘विमानतळावरच्या लाउंजमध्ये’ असं आम्ही छापलं होतं. लाउंज म्हणजे बसण्या-खाण्याची खास खोली, तिथे काही बँक कार्डांवर प्रवेश मिळतो. प्रत्यक्षात सिक्युरिटीच्या रांगेतच वेळ गेला. लाउंजच्या दाराशी पोचलात तर तिथे आईंचं कार्ड चाललं नाही. सकाळचं इन्शुलिन घेतलेल्या एकाहत्तर वर्षांच्या आईंना उपाशीपोटी गेटपर्यंत धावावं लागलं. शिवाय पानाच्या डब्यातला अडकित्ता काढून घेतला गेला. ‘चार पैसे वाचवायला नाश्ता लाउंजवर ढकलला,’ हे तुमचं वाक्य.

ते वाक्य खरं आहे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत आमच्या प्रत्येक सहलीत सांगलीहून निघताना माणशी एक डबा असायचा. दोन दशम्या, शेंगदाण्याची चटणी, एक केळं. मग बहुतेकांकडे लाउंजची कार्डं आली, लोक डबे न उघडताच परत करू लागले आणि आम्ही डबा बंद केला. त्यात आमचे पैसे वाचले. ज्याला दर दोन-तीन तासांनी खावंच लागतं त्याचं काय, हा विचार डबा बंद करताना आमच्यापैकी एकानेही केला नाही. मीही नाही.

त्या सकाळचा हिशोब मी मांडून पाहिला. विमान ८:२५ चं. बस ६:१० ला पोचली, म्हणजे सव्वादोन तास आधी. देशांतर्गत विमानासाठी दोन तास पुरतात, हे आम्ही वर्षानुवर्षं सांगत आलो. पण दारावर ओळखपत्र दाखवून आत यायला पंचवीस मिनिटं गेली. बावीस जणांच्या बॅगा काउंटरवर देईपर्यंत सात वाजून पाच मिनिटं झाली. सिक्युरिटीतून तुम्ही बाहेर पडलात ७:४२ ला. गेट सुटायच्या वेळेच्या पंचवीस मिनिटं आधी बंद होतं, म्हणजे तुमच्या हातात अठरा मिनिटं होती. अठरा मिनिटांत लाउंज शोधून, कार्ड दाखवून, ताट वाढून घेऊन खाणं कुणालाच जमत नाही. लाउंज झडतीच्या पलीकडे असतो, रांग जेवढी वाढते तेवढा लाउंजसाठीचा वेळ ती खाते. आम्ही पत्रकात जेवण म्हणून जे छापलं, ते वेळ उरला तरच मिळणारं होतं.

कार्डाचंही तसंच. ‘कार्ड असेल तर लाउंज फुकट’ असं आमच्या ऑफिसातून सांगितलं गेलं. हे अर्धवट होतं. एका कार्डावर बहुतेक ठिकाणी एकच माणूस आत जातो. २०२४ पासून बऱ्याच बँकांनी मागच्या तिमाहीत ठरावीक रक्कम खर्च केली असेल तरच प्रवेश, अशी अट घातली आहे. पेन्शन खात्याचं कार्ड वापरणाऱ्या आईंचा तिमाहीत तेवढा खर्च कुठून होणार? आणि हे सगळं दारात उभं राहिल्यावर कळतं, चार लोक मागे ताटकळत असताना. आईंना तिथे ओशाळं वाटलं असं तुम्ही लिहिलंय. ते वाचून मला फार वाईट वाटलं.

डिजियात्राबद्दलही, म्हणजे चेहरा ओळखून आत सोडणाऱ्या मोबाइल अ‍ॅपच्या सोयीबद्दलही, आमच्या ऑफिसातल्या मुलाने तुम्हाला ‘रांगच लागणार नाही’ असं सांगितलं होतं. ही सोय १ डिसेंबर २०२२ ला दिल्ली, बंगळूर आणि वाराणसीत सुरू झाली, आता पुष्कळ ठिकाणी आहे, आणि चांगली आहे. पण ती कागद दाखवण्याचा वेळ वाचवते. ट्रेमध्ये सामान ठेवायची आणि अंगझडतीची रांग सगळ्यांना तीच. त्याच डिसेंबरात दिल्लीला इतकी गर्दी झाली की साडेतीन तास आधी या आणि हातात एकच बॅग ठेवा, असं विमान कंपन्यांना सांगावं लागलं. आम्ही तेव्हाच आमची दोन तासांची सूचना बदलायला हवी होती. बदलली नाही.

आता अडकित्त्याबद्दल. इथे मी तुमच्याशी एका बाबतीत सहमत नाही, आणि ते मोकळेपणाने सांगतो. तुम्ही झडती घेणाऱ्या त्या बाईंना दोष दिलाय. ग्रुपमधल्या काकूंनी मला जे सांगितलं त्यावरून, त्या झडतीवाल्या बाईंनी डबा उघडून अडकित्ता बाहेर काढला, आईंना बसायला खुर्ची दिली आणि ‘आजी, हा मोठ्या बॅगेत ठेवला असतात तर गेला असता, आता मला सोडता येत नाही’ असं समजावलं. डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेलं विमान अपहरण करून कंदाहारला नेलं गेलं, त्यानंतर विमानतळांची सुरक्षा राज्यांच्या पोलिसांकडून सीआयएसएफकडे, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे, जायला लागली. फेब्रुवारी २००० मध्ये जयपूरपासून सुरुवात झाली. पाती असलेली वस्तू आत सोडायची की नाही हे त्या बाईंनी आपल्या मर्जीने ठरवायचं नसतं. बायकांची झडती पडद्याआड होते, तिथे वेळ जास्त लागतो, आणि मागे रांग उभीच असते. त्या वेळेला त्यांनी खुर्ची दिली, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे.

चूक आमच्या यादीत होती. ‘धारदार वस्तू हातातल्या सामानात ठेवू नयेत’ असं आम्ही लिहितो. पन्नास वर्षं रोज सुपारी कातरणाऱ्या बाईला अडकित्ता धारदार वस्तू वाटणारच नाही. विळी, सुरी, कात्री तिने आठवणीने बाजूला काढली असेल, पण पानाचा डबा म्हणजे तिच्या लेखी तिची पर्सच. आता यादीत अडकित्ता नावाने लिहिलाय. नेलकटरच्या संचातलं छोटं पातं, शिवणाची कात्री, काडेपेटी, लायटर हेही नावानिशी. सुकं खोबरं मोठ्या बॅगेत चालत नाही, त्यात तेल असल्यामुळे ते पेट घेणाऱ्या वस्तूंत धरतात. प्रसादाच्या वाट्या नेणारे आपले लोक तिथे हमखास अडकतात, म्हणून तेही. पॉवर बँकेचं उलटं, ती हातातच ठेवायची.

आणखी एक. तुम्ही लिहिलंय की मॅनेजर पुढे जाऊन लाउंजमध्ये खात बसला होता. तो तिथे नव्हता. तो एकोणीस जणांना घेऊन गेटवर होता आणि ‘तीन जण येताहेत’ म्हणून तिथल्या मुलीला विनवत होता. पण यात त्याची बाजू मांडावी असं मला वाटत नाही. त्याने सगळ्यांच्या शेवटी असायला हवं होतं. तो आईंच्या मागे उभा असता, तर अडकित्ता परत जाऊन मोठ्या बॅगेत टाकता येतो का ते त्याने विचारलं असतं. निदान डबा उचकून पुन्हा लावण्यात गेलेली बारा मिनिटं तुम्ही एकट्याने काढली नसतीत.

इन्शुलिन घेऊन अर्धा तास उलटला आणि पोटात काही गेलं नाही तर काय होतं, हे मी घरात पाहिलंय. माझ्या वडिलांना असाच दरदरून घाम सुटायचा, हात थरथरायचे, बोलणं अडखळायचं. विमानात शेजारच्या काकूंनी पर्समधली राजगिऱ्याची वडी दिली म्हणून निभावलं, असं तुम्ही लिहिलंय. त्या वडीवर अख्खी गोष्ट टेकली होती. मला तीन रात्री झोप लागली नाही.

डबा परत सुरू केलाय. दशमी, चटणी, केळं हे सिक्युरिटीतून जातं, अडवत नाहीत. मधुमेह असलेल्यांचा डबा वेगळा, आणि बुकिंगच्या वेळी आम्हीच विचारतो. इन्शुलिन आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीतच ठेवायची, मोठ्या बॅगेत नाही. मोठ्या बॅगा विमानात जिथे ठेवतात तिथल्या थंडीने औषध गोठून वाया जाऊ शकतं. ग्रुप असेल तर साडेतीन तास आधी पोचायचं. सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकाला तिकीट काढतानाच व्हीलचेअर हवी का विचारायचं, चालता येत असलं तरी. आणि पत्रकातून ‘लाउंज’ हा शब्द काढून टाकलाय.

तुम्हा दोघींच्या त्या दिवसाच्या खर्चाचे पैसे आजच खात्यावर पाठवले. रक्कम लहान आहे, त्याने काही भरून निघत नाही हे मला ठाऊक आहे. अडकित्ता आईंच्या सासूबाईंचा होता असं तुम्ही लिहिलंय. विमानतळावर दोनदा फोन केला, तो आता मिळणार नाही असं उत्तर आलं. नवा आणून देतो असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पुढची बॅच शुक्रवारी निघतेय. बसच्या पायरीशी मी स्वतः उभा राहून सगळ्यांच्या पिशव्या बघणार आहे. आईंना माझा नमस्कार सांगा, आणि त्यांची साखर आता कशी आहे तेवढं कळवा.