कॅफेतली वीट ठोकून पाहिली

परवा भाचीच्या वाढदिवसाला नागपुरात धरमपेठेतल्या एका नव्या कॅफेत गेलो होतो. मागे लालभडक विटांची भिंत, वर पिवळे बल्ब, पोरापोरींचे फोटो सुरू. मला एक खोड आहे, भिंत दिसली की बोटाच्या पेराने ठोकून पाहायची. ठोकली. पोकळ वाजली. अर्ध्या इंचाची टाइल! स्विचबोर्डाजवळ तिचा एक तुकडा गिलाव्यासकट निघाला होता. आत डोकावलो तर राखाडी वीट. आपल्या कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांतल्या राखेची.

म्हणजे खरी वीट गिलाव्यात गाडायची आणि वरून विटेचं सोंग चिकटवायचं. मालक पोरगा चांगला होता, त्याला विचारलं तर म्हणाला, "काका, ग्रे कोणाले आवडते?"

नागपूरची आजची वीट राखाडीच आहे हो. कोळसा जाळतो आपण, राख पडते आपल्याकडे. 2022 च्या जुलैत खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि शेतं राखेखाली गेली, विसरलात का? ती राख चुना-सिमेंट आणि रेतीत कालवून, दाबून, पाणी मारून वीट होते. भट्टी लागत नाही, शेताची वरची सुपीक माती खरवडावी लागत नाही. हे शहर आज जे बनवतं तेच तोंड लपवून भिंतीत बसलंय.

आता दुसरी भिंत सांगतो. माझ्या मामांचा वाडा महाल या जुन्या वस्तीत होता. आज तिथे चार मजली इमारत आहे. वाड्याच्या भिंती चपट्या विटांच्या, मधे चुना, सागवानी खांब. दहा-बारा वर्षांपूर्वी मागची भिंत ओलावली. ठेकेदार आला, त्याने सिमेंटचा जाड गिलावा ठोकला आणि वर ऑइलपेंट. आम्ही खूश. दुसऱ्याच पावसाळ्यात गिलावा फुगला, खालून पांढरा लोणा बाहेर आला. बोट लावलं की विटेची भुकटी हातात यायची, ओल्या बिस्किटासारखी. मग मामांनी ओळखीतला एक म्हातारा गवंडी बोलावला. त्याने भिंतीवर तळवा ठेवला, जरा वेळ तसाच उभा राहिला आणि म्हणाला, "भाऊ, भितीले घाम येतेच. तुमी तर तिचं तोंडच बांधून टाकलं नं."

चुन्याची भिंत जमिनीतली ओल शोषते आणि उन्हाळ्यात बाहेर सोडते. सिमेंटने वाट बंद केली की ओल विटेतच राहते, क्षार साचतात आणि विटेचं कातडं सोलून काढतात. म्हाताऱ्याला मुरवलेला चुना हवा होता, सुरखी, म्हणजे विटेची पूड, हवी होती आणि दोन महिने हवे होते. आमच्यात कोणाकडे वेळ नव्हता. पुढे धोकादायक इमारतीची नोटीस आली. खोटं कशाला बोलू, नोटीस चुकीची नव्हती. भिंत खरंच धोकादायक झाली होती, आणि ती आम्हीच तशी केली होती.

म्हणून 'जुनं झालं, पडायला आलं' हे वाक्य ऐकलं की मला आधी विचारावंसं वाटतं, दुरुस्ती कोणी आणि कशाने केली? अहमदाबादचं आयआयएम बघा. वास्तुविशारद लुई कानने बांधलेला एकच परिसर, विटाही तिथल्याच. त्यातल्या विक्रम साराभाई ग्रंथालयाची नीट डागडुजी झाली, 2019 मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. पुढच्याच वर्षी, डिसेंबर 2020 मध्ये, तिथल्या 18 पैकी 14 वसतिगृहं पाडायचं ठरलं. जगभरातून ओरड झाली तेव्हा आठवड्याभरात माघार, आणि 2022 मध्ये पुन्हा तोच सूर.

आपल्याकडे एम्प्रेस मिल होती. 1 जानेवारी 1877 ला जमशेटजी टाटांनी सुरू केलेली, जुम्मा तलावाच्या काठी. शहराच्या किती पिढ्या तिच्या भोंग्यावर उठल्या असतील. आज जागेवर मॉल आहे आणि नाव तेवढं एम्प्रेस ठेवलंय. लंडनचं बॅटरसी वीजकेंद्रही 1983 ला बंद पडलं आणि 2022 मध्ये उघडलं तेव्हा आत दुकानंच होती. मला दुकानांचा राग नाही. तिथे विटांची ती अजस्र इमारत तरी उभी आहे.

वारसा यादीतल्या इमारतीच्या मालकाला टीडीआर, म्हणजे न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरायची किंवा विकायची मुभा, मिळायची तरतूद नियमांत आहे, ठीक. पण महालातले कितीतरी वाडे कुठल्याच यादीत नाहीत, आणि टीडीआरने चुना मुरत नाही. हेरिटेज वॉक करा, फलक लावा, माझी ना नाही. त्याच्या निम्म्या पैशात पंचवीस पोरांना चुन्याचं काम शिकवा आधी. नागपूरजवळ मनसरला वाकाटक राजांच्या काळातलं विटांचं मंदिर आहे, पाचव्या शतकातलं. पंधराशे वर्षं ज्या भागात वीट रचली गेली तिथे आज चुन्यात काम करणारा गवंडी शोधताना माझी चप्पल झिजली.

आता माझं रडगाणं. गच्चीवर एक खोली बांधायची आहे, पश्चिमेकडे तोंड. मे 2013 मध्ये पारा 47.9 ला गेला होता, तेव्हापासून त्या बाजूचा धसका आहे. वास्तुविशारद लॉरी बेकर केरळात ज्या पद्धतीने भिंती बांधायचे, तशी रॅट ट्रॅप बॉन्डची भिंत हवी. विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या करायच्या, मधे पोकळी राहते, उष्णता आत यायला वेळ लागतो आणि विटाही साधारण पाव हिश्शाने कमी लागतात. राखेचीच वीट, बाहेरून गिलावा नाही, फक्त विटांमधल्या दर्जा, म्हणजे फटी, भरायच्या. गवंड्याला दोनदा समजावलं. दोन्ही वेळा तो हसला. म्हणे, "बिनागिलाव्याची ठेवली तर लोक म्हणतीन, पैसे संपले साहेबाचे."

पावसाळ्याआधी काम उरकायचं आहे. असं काम केलेला कोणी गवंडी माहीत असेल तर इनबॉक्समध्ये कळवा.