चांगल्या गोष्टींची हमाली

परदेशात जाऊन आलेल्या माणसानं सांगायची वाक्यं ठरलेली असतात. हॉर्न म्हणून ऐकू येत नाही. माणसं आपण होऊन रांग लावतात. नळाचं पाणी तसंच प्यायचं. ही सगळी वाक्यं मी निघण्याआधीच पाठ करून ठेवली होती, म्हणजे परतल्यावर सांगलीत कुणी विचारलं तर अडखळायला नको. तिथं गेल्यावर ती सगळी खरीही निघाली.

आमची लेक आणि जावई जर्मनीत स्टुटगार्टला असतात. जावई मोटारींच्या धंद्यात, म्हणजे पुण्याहून तिकडे जाणारी बरीच मुलं असतात तसेच. मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत, ही माहिती त्यांनी विमानतळावरून घरी जाताना दिली. एक बहीण एवढी टापटिपीची आणि दुसरी तशी, अशी जोडी आमच्याही नात्यात आहे. त्यामुळे मी लगेच विश्वास ठेवला.

जाऊन आलेले लोक एक गोष्ट मात्र सांगत नाहीत. तिथं जे जे आपल्यापेक्षा चांगलं आहे, ते चांगलं राहावं म्हणून कुणीतरी राबत असतं, आणि तो कुणीतरी म्हणजे आपणच. सांगलीत दूध दारात येतं, पेपर दारात येतो, घंटागाडी गाणं लावून कचरा न्यायला येते, रद्दीवाला जिना चढून वर येतो आणि वर पैसे देऊन जातो. एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झाल्यापासून माझं काम एवढंच, की या सगळ्यांना ‘उशीर केलास’ असं म्हणायचं. स्टुटगार्टात असं म्हणायला समोर कुणी नव्हतं. जो होता तो आरशात होता.

पहिली गाठ पडली ती कचऱ्याशी. स्वयंपाकघरात ओट्याखाली डब्यांची रांग, आणि त्यांच्यावर देखरेखीला माझी सहा वर्षांची नात. चहाचा चोथा तपकिरी डब्यात. कागद वेगळा. प्लास्टिकची वेष्टनं पिवळ्यात. उरलेलं काळ्यात. ऐकायला सोपं वाटतं. मग मी दही खाल्लं. दह्याच्या डब्याला बाहेरून पुठ्ठ्याचं कडं होतं, ते सोडवून कागदात टाकायचं. वरचं चंदेरी झाकण पूर्ण ओढून काढायचं, कारण ते डब्याला लोंबकळत राहिलं तर पुढं यंत्राला धातू आणि प्लास्टिक वेगळं काढता येत नाही. मग दोन्ही पिवळ्यात. दही खाण्यापेक्षा त्याचं विसर्जन जास्त वेळ चाललं. दुकानाची पावती मी आपली विश्वासानं कागदात टाकली, तर नात ओरडली, “आजोबा, नाही!” पावतीच्या कागदाला रसायन लावलेलं असतं, तो कागद कागदात चालत नाही. हे त्या मुलीला बालवाडीत शिकवलेलं. आम्हाला त्या वयात ‘ये रे ये रे पावसा’ शिकवलं होतं.

काचेचं तर स्वतंत्र शास्त्र आहे. रस्त्याच्या कोपऱ्यावर मोठ्या टाक्या असतात. पांढरी काच एकीत, तपकिरी दुसरीत, हिरवी तिसरीत. निळी बाटली हातात असेल तर ती हिरवीत. का, ते विचारायचं नाही. फुटलेला पाण्याचा ग्लास मात्र यातल्या कशातच जात नाही, तो घरच्या काळ्या डब्यात, कारण पेल्याची काच आणि बाटलीची काच वेगळ्या तापमानाला वितळते. शिवाय या टाक्यांत रात्री आणि रविवारी बाटली टाकायची नाही, खळ्ळकन आवाज होऊन लोकांची शांतता मोडते. रविवारी तसंही काही करायचं नसतं. दुकानं बंद, भिंतीत ड्रिल मारायचं नाही. एका रविवारी मी नुसता गॅलरीत उभा राहिलो, तेही मोठ्यानं झाल्यासारखं वाटलं.

एका गोष्टीवर मात्र माझा मनापासून जीव जडला. ती म्हणजे बाटली परत करणारं यंत्र. पाण्याची, सरबताची प्लास्टिकची बाटली किंवा बिअरचा डबा घेतला की तिथं पंचवीस सेंट जादा घेतात आणि बाटली परत केली की ते परत देतात. एकदा वापरून टाकायच्या बाटल्यांवर हा नियम २००३ पासून आहे. पंचवीस सेंट म्हणजे आपले बावीस-पंचवीस रुपये. रिकाम्या बाटलीला! ज्या रकमेत आपल्याकडे भरलेली बाटली येते, त्या रकमेत तिकडे रिकामी मावते, हा हिशेब मी बायकोला निरनिराळ्या प्रकारे समजावून सांगितला. काचेच्या बिअरच्या बाटलीला फक्त आठ सेंट. वाइनच्या बाटलीला बहुधा काहीच नाही. त्यामुळे जावयांच्या मित्रांपैकी कोण काय पितो यावर माझं बारीक लक्ष राहू लागलं.

हे यंत्र सुपरमार्केटच्या एका भिंतीत असतं. भिंतीला एक गोल तोंड. त्यात बाटली आडवी ठेवायची. यंत्र ती आतल्या आत फिरवतं, तिच्यावरची खूण वाचतं, आणि पसंत पडली तर गिळून टाकतं. आतून चरचर असा चिरडल्याचा आवाज येतो आणि पडद्यावर आकडा वाढतो. नापसंत असेल तर बाटली परत बाहेर, मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात पोहे परत आल्यासारखी. आता गंमत अशी, की आपल्याकडे बाटलीवर ‘वापरल्यानंतर चिरडून टाका’ असं छापलेलं असतं आणि मी ते जन्मभर इमानानं पाळत आलो. पाणी संपलं की माझा हात आपोआप बाटलीची मान पिरगाळतो. तिकडे चिरडायचा हक्क फक्त यंत्राला. मुरगाळलेली बाटली ते घेत नाही, त्याला खूण वाचता येत नाही. मग सुपरमार्केटात, लोकांच्या रांगेपुढं, एकेका बाटलीच्या तोंडाला तोंड लावून मी फुंकर मारायचो आणि तिला पूर्ववत करायचो. मागच्या मंडळींपैकी कुणी हसलं नाही. जर्मन माणूस पंचवीस सेंटचं गांभीर्य जाणतो.

शेवटी बटण दाबलं की पावती येते. ती काउंटरवर द्यायची, तेवढे पैसे बिलातून वजा. पावत्या मी पाकिटात पेन्शनच्या कागदांबरोबर ठेवत असे. लेक म्हणाली, “बाबा, अहो वापरा की त्या, त्यावर काही व्याज मिळत नाही.”

तसं आपल्याकडे हे नव्हतंच असं नाही. आमच्या लहानपणी थंड पेयाची काचेची बाटली घरी न्यायची तर वाण्याकडे डिपॉझिट ठेवावं लागायचं, आणि बाटली परत करायला पळवायचे ते आम्हालाच. २०१८ च्या आपल्या प्लास्टिकबंदीतही बाटल्या पैसे देऊन परत घेण्याची तरतूद होती. ती अजून तिथंच असेल, कागदात. कुठल्या डब्यातला कागद ते नातीला विचारावं लागेल.

काउंटरवरची बाई खुर्चीत बसून काम करते, हे मला फार आवडलं. आपल्याकडे दुकानात पोरी दिवसभर उभ्या असतात. पण बसल्या बसल्या ती ज्या वेगानं वस्तू पुढं ढकलते, त्या वेगानं पिशवीत भरायला कुणी मदतनीस नसतो. टोमॅटो, दूध, साबण, पाव एकावर एक आदळत येतात आणि मागच्या माणसाचं सामान सुरू होतं. मी पिशवीत पाव खाली आणि बटाटे वर भरले, आणि रात्री आम्ही सगळ्यांनी तो पाव पोळीसारखा खाल्ला.

रस्ता ओलांडणं मी थोडक्यात उरकतो. दिवा लाल असेल तर थांबायचं, गाडी असो वा नसो. पायी चालणाऱ्यालाही पाच युरो दंड आहे. रात्री दहा वाजता, निर्मनुष्य रस्त्यावर, बोचऱ्या थंडीत मी, बायको आणि एक अनोळखी गृहस्थ त्या लाल बाहुल्याकडे बघत उभे राहिलो. घरी पोचून जरा ऊब मिळेल म्हणावं, तर जावयांनी सगळ्या खिडक्या सताड उघडलेल्या. दमट हवा भिंतीला बुरशी आणते, म्हणून भर हिवाळ्यातही दिवसातून दोन-तीनदा घर असं उघडायचं. मग बंद करून पुन्हा हीटर. बायकोनं कानाला मफलर गुंडाळून देवाला दिवा लावला. तो दोनदा विझला.

एवढ्या सगळ्या चांगुलपणात मला दिलासा फक्त रेल्वेनं दिला. शहरातल्या स्टेशनांवर फाटक नाही, तिकीट बघणारा दारात नाही, सगळं भरवशावर. विनातिकीट सापडलात तर मात्र साठ युरो. हे चांगलंच. पण वेळेचं म्हणाल, तर २०२४ साली तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी साधारण ६२ टक्केच वेळेवर धावल्या, आणि सहा मिनिटांच्या आतला उशीर ते उशीर धरतच नाहीत. मी जन्मभर कंट्रोलच्या खिडकीत बसलेला माणूस. हा आकडा जावयांनी वाचून दाखवला तेव्हा मी तो पुन्हा वाचायला लावला. त्यात स्टुटगार्टचं नवं भुयारी स्टेशन. काम २०१० मध्ये सुरू झालं, उद्घाटन २०१९ ला ठरलं होतं, आणि आम्ही गेलो तेव्हाही खड्ड्यावर क्रेन उभ्याच. मी त्या कठड्यापाशी रोज फिरायला जात असे. परक्या मुलुखात ओळखीचं काहीतरी लागतंच.

आणि मग आमच्या दाराच्या मुठीला एक पाटी लटकली.

त्या भागात केरवोखे नावाची प्रथा आहे. इमारतीतल्या बिऱ्हाडांनी आठवड्याची पाळी लावून जिना झाडायचा आणि पुसायचा. मोठी पाळी असेल तर तळघराच्या पायऱ्या आणि समोरचा फुटपाथही. पाळी ज्याची, त्याच्या दारावर पाटी. १४९२ साली, म्हणजे कोलंबस जहाजात बसला त्याच साली, इथल्या काउंट एबरहार्डनं शहराच्या नियमांत घातलं, की प्रत्येकानं आपली घाण दर आठवड्याला बाहेर नेऊन टाकावी. तेव्हापासून हे लोक झाडतायत. १९८८ मध्ये शहरानं नियमातली सक्ती काढली, पण तोवर ती घरमालकांच्या भाडेकरारात जाऊन बसली होती.

जावई दौऱ्यावर, लेक ऑफिसात. शनिवारी झाडू मी घेतला. खालच्या मजल्यावरच्या आजी दार किलकिलं करून बघत होत्या. मी पायऱ्यांचा मधला भाग उत्तम झाडला. आजींनी बाहेर येऊन काही न बोलता पायरीचा कोपरा बोटानं दाखवला. आमची मंडळी वरून बघत होती. ती म्हणाली, “मी चाळीस वर्षं हेच सांगतेय.” दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण त्या दिवसापासून एकीचे लाडू खाली जाऊ लागले आणि दुसरीचा केक वर येऊ लागला.

त्याच आठवड्यात रात्री बर्फ पडला. आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. सगळं पांढरं, आवाज नाही. मी खिडकीशी उभा राहून काहीतरी काव्यात्म विचार करायला लागलो, एवढ्यात लेक म्हणाली, “बाबा, आपली पाळी आहे ना? सातच्या आत फुटपाथ मोकळा लागतो. कुणी घसरून पडलं तर आपल्यावर येतं.”

अंधारात, जावयांचे बूट आणि माकडटोपी घालून मी फावड्यानं बर्फ ओढला. आजींनी काठीनं कोपरे दाखवले. नातीनं फोटो काढला आणि लेकीनं तो घरच्या ग्रुपवर टाकला. सांगलीत तेव्हा साडेअकरा वाजले असतील. धाकट्या भावाचं उत्तर लगेच आलं : “व्वा दादा! मजा आहे बुवा तुमची. आराम करा.”